वाचक विचारतात: रिसेप्शनच्या टेबलांवर व्होटिव्ह मेणबत्त्या

लग्नाच्या स्वागत समारंभात जेवणाच्या टेबलांवर छोट्या मेणबत्त्या लावण्याबद्दल बरीच पत्रं आली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. बहुतेक पत्रांत मेणबत्तीचा रंग, आकार, सुगंध यांची चौकशी आहे. आमचा आग्रह मात्र असा की आधी काचेचा ग्लास ठरवा, मग हॉलमधला वारा कुठून येतो ते पाहा आणि मेणबत्ती शेवटी निवडा.

प्रश्न: मुलीचं रिसेप्शन संध्याकाळी साडेसहा ते साडेअकरा आहे. टेबलांवर टीलाइट लावाव्यात की व्होटिव्ह? सजावटवाले म्हणतात, दोन्ही सारख्याच.

सारख्या नाहीत, आणि पाच तासांच्या समारंभात हा फरक ऐन जेवणाच्या वेळी उघडा पडतो. टीलाइट म्हणजे ॲल्युमिनियमच्या किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या वाटीतली बुटकी मेणबत्ती. व्यास सुमारे 38 मिलिमीटर, मेण 12 ते 17 ग्रॅम, आणि जळते साधारण चार तास. साडेसहाला पेटवलेली टीलाइट साडेदहाच्या आसपास विझते. सगळ्या एकदम विझत नाहीत. या टेबलावरच्या दोन, त्या टेबलावरची एक, अशा मागेपुढे विझतात आणि उरलेल्या सजावटीवर अवकळा येते. टीलाइटच हव्या असतील तर उंच वाटीतल्या आठ तासांच्या मिळतात, त्या घ्या.

व्होटिव्हचा व्यासही जवळपास तेवढाच, पण उंची पाच ते सहा सेंटिमीटर आणि वजन पन्नास-साठ ग्रॅम. ती दहा ते पंधरा तास जळते. खालच्या बाजूला जरा निमुळती असते, म्हणजे ग्लासात सहज बसते. तिचं मेण मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं. ते पूर्ण वितळून ग्लासात साठावं आणि वातीनं ते खालून ओढून जाळावं, अशी तिची रचना आहे. म्हणून व्होटिव्ह बशीवर किंवा उघड्या स्टँडवर लावायची नसते. तासाभरात ती ढासळते, मेण पसरतं आणि ज्योत बुडते.

ग्लासही हवा तोच हवा. मेणबत्ती आत बसवल्यावर भोवती चार-पाच मिलिमीटर जागा राहिली पाहिजे, म्हणजे तळाशी आतला व्यास साधारण साडेचार ते पाच सेंटिमीटर. सात-आठ सेंटिमीटरचा रुंद ग्लास दिसायला छान दिसतो, पण त्यात वितळलेलं मेण पातळ थरात पसरतं, वातीचा आधार सुटतो, ती आडवी होते आणि अर्धं मेण शिल्लक असताना मेणबत्ती विझते. ‘मेणबत्त्या खराब निघाल्या’ असं लिहिणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा दोष खरं तर ग्लासात असतो. ग्लासाची कड ज्योतीच्या टोकापेक्षा किमान अडीच सेंटिमीटर वर असावी.

खरेदीआधी निवडलेल्या ग्लासात निवडलेली एक मेणबत्ती सलग पाच तास जाळून बघा. मोबाइलवर दर तासाला फोटो काढून ठेवा. वात कुठे झुकते, काच किती तापते, काजळी धरते का, सगळं कळतं. ही चाचणीची मेणबत्ती समारंभात वापरू नका. एकूण संख्येत दहा टक्के जादा धरा.

प्रश्न: एका गोल टेबलावर किती मेणबत्त्या लावाव्यात? आम्हाला हॉलमधले दिवे पूर्ण बंद करून फक्त मेणबत्त्यांचा प्रकाश ठेवायचा आहे.

पूर्ण अंधार करू नका. एक मेणबत्ती एक मीटरवर सुमारे एक लक्स (प्रकाश मोजायचं एकक) प्रकाश देते आणि अंतर निम्मं केलं की प्रकाश चौपट होतो. टेबलाच्या मध्यावर पाच मेणबत्त्या असतील तर अर्ध्या मीटरवरच्या ताटापाशी हिशेबानं 20 लक्स येतो. प्रत्यक्षात त्याहून कमी पडतो, कारण ज्योत बुटकी असते आणि ताटावर प्रकाश तिरका येतो. छापील मेनू आरामात वाचायला 100 लक्सच्या वर लागतात. आजी-आजोबांना पायरी दिसायला, वाढणाऱ्यांना हातातलं भांडं सांभाळायला छतावरचा प्रकाश हवाच.

मेणबत्तीनं टेबल उजळायचं नसतं, चेहऱ्यांवर ऊब आणायची असते. त्यासाठी दिव्यांचा रंग बघा. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये सांगतात, आकडा जितका कमी तितका रंग पिवळा. मेणबत्तीचा प्रकाश साधारण 1,900 केल्विनचा, म्हणजे सोनेरी पिवळा. वरून 5,000-6,000 केल्विनचे पांढरे दिवे पडले, तर दोनशे मेणबत्त्या लावूनही त्या जळतायत की नाही कळत नाही. हॉलच्या व्यवस्थापकांना 2,700 केल्विनचे पिवळसर दिवे आहेत का आणि ते मंद करता येतात का, हे दोनच प्रश्न विचारा. दिवे एक तृतीयांशावर आणले की मेणबत्त्यांचं काम सुरू होतं.

आता संख्या. पाच फुटी गोल टेबलाला आठ माणसं आणि सहा फुटीला दहा माणसं बसतात. पाच फुटीला तीन ते पाच, सहा फुटीला पाच ते सात पुरेशा. ताटं, ग्लास, वाढण्याची जागा वजा जाता मध्ये पन्नास-साठ सेंटिमीटरचं वर्तुळ उरतं, सगळ्या मेणबत्त्या त्यातच मावल्या पाहिजेत. कडेकडे सरकवल्या की सैल बाही, ओढणी आणि मोकळे केस यांची भीती. दोन ग्लासांत किमान आठ-दहा सेंटिमीटर अंतर ठेवा. फार जवळ ठेवल्या तर एकमेकींच्या उष्णतेनं मेण लवकर वितळतं, ज्योती उंच होतात. लांबट टेबलावर मधल्या रेषेत दर 35-40 सेंटिमीटरला एक.

एक गोष्ट सहसा कोणी मोजत नाही, ती म्हणजे उष्णता. व्होटिव्ह ताशी चार-साडेचार ग्रॅम मेण जाळते, म्हणजे पन्नासेक वॅटचा हीटर झाला. 24 टेबलांवर पाचप्रमाणे 120 मेणबत्त्या म्हणजे सहा किलोवॅट, जवळपास पावणेदोन टन एसीची क्षमता फक्त ही उष्णता काढायला जाते. माणसांची उष्णता वेगळी. छोट्या, बंद हॉलमध्ये संख्या ठरवताना हे डोक्यात ठेवा आणि एसी तासभर आधी सुरू करायला सांगा.

प्रश्न: घरी चाचणी घेतली तेव्हा दोन ग्लास आतून काळे झाले आणि एकाला तडा गेला. मेणबत्त्या एकाच खोक्यातल्या होत्या. असं का?

तुमच्या पत्रात ‘पंखा सुरू होता’ असं एक वाक्य आहे. तिथूनच सुरुवात करू.

ज्योतीचा पिवळा रंग हा मुळात तापून लाल-पिवळ्या झालेल्या कार्बनच्या बारीक कणांचा असतो. ज्योत स्थिर असेल तर हे कण तिच्या कडेला पोहोचेपर्यंत जळून जातात. वाऱ्यानं ज्योत हलली की ती मध्येच थंड होते आणि न जळलेले कण निसटून काचेवर बसतात. हीच काजळी. पंखा, एसीची जाळी, सारखं उघडमीट होणारं दार, या तिन्हींच्या वाटेतली टेबलं आधीच हेरून ठेवा. सोपा उपाय म्हणजे हॉल बघायला जाल तेव्हा एसी पूर्ण सुरू करायला सांगून प्रत्येक टेबलाच्या जागी एक उदबत्ती धरा. धूर सरळ वर गेला तर जागा चांगली. फाटत किंवा आडवा गेला तर त्या टेबलावर उंच काच लावा किंवा एसीच्या पट्ट्यांची दिशा बदला.

काजळीचं दुसरं कारण लांब वात. पेटवण्याआधी वात सहा मिलिमीटर ठेवून कापायची. त्याहून लांब राहिली तर गरजेपेक्षा जास्त मेण वर ओढलं जातं, ज्योत मोठी होते, लपलपते आणि वातीच्या टोकावर काळा गोळा धरतो. तो गोळा मेणात पडला की दुसऱ्या वातीसारखा पेट घेऊ शकतो. उलट वात तीन मिलिमीटरहून आखूड कापली, तर वितळलेल्या मेणात बुडून विझते.

तड्याची कारणं वेगळी. वात मध्यावरून सरकली असेल तर ज्योत काचेच्या एका बाजूला चाटते, तो भाग भलताच तापतो, बाकीची काच गार राहते आणि या ताणानं ती फुटते. पाणी प्यायच्या पातळ पेल्यांत हे जास्त होतं, कारण ते ज्योतीची उष्णता सोसायला बनवलेले नसतात. ‘मेणबत्तीसाठी’ म्हणून विकला जाणारा जाड, सपाट तळाचा ग्लासच घ्या. तळ तडकला असेल तर मेणबत्ती संपेपर्यंत जळू दिली असावी. वातीच्या बुडाशी धातूची छोटी चकती असते, मेण संपत आलं की ज्योत तिच्यावर उतरते आणि चकती काचेला भाजते. सेंटिमीटरभर मेण उरलं की विझवायचं. नव्या व्होटिव्हवर पाच तासांत ही वेळ येत नाही. चाचणीतली मेणबत्ती समारंभात वापरू नका म्हणालो, ते यासाठीच.

प्रश्न: ग्लासात थोडं पाणी घालून त्यावर मेणबत्ती ठेवली की नंतर मेण पटकन निघतं, असं वाचलं. करावं का?

चमचाभर पाणी घालण्याची पद्धत बरेच जण वापरतात आणि तळाशी मेण चिकटत नाही हे खरं. पण समारंभासाठी आम्ही ती सुचवत नाही. मेण पाण्यावर तरंगतं, त्यामुळे मेणबत्ती वितळत गेली की वातीचा पाया हलतो. ज्योत खाली पोहोचली तर पाण्याची वाफ होऊन गरम मेण तडतडत उडतं. ग्लास साफ करायचा सोपा मार्ग शेवटच्या उत्तरात दिला आहे.

पाणी वापरायचंच असेल तर तरंगत्या मेणबत्त्या घ्या. त्या वेगळ्या, उंचीपेक्षा रुंद आणि बुडाशी घुमटासारख्या. पाच सेंटिमीटर व्यासाची साधारण चार तास, साडेसात सेंटिमीटरची आठ तासांच्या आसपास चालते. भांड्यात आधी पाणी भरा, मेणबत्ती हातानं अलगद सोडा आणि वात ओली होऊ देऊ नका. ओली वात पेटवत बसण्यापेक्षा दुसरी मेणबत्ती घेतलेली बरी.

प्रश्न: 120 मेणबत्त्या पेटवायला किती वेळ लागेल? पाहुणे येण्याआधी कधी सुरुवात करावी?

चालणं धरून एका मेणबत्तीला दहा-बारा सेकंद. एकट्यानं केलं तर 24 मिनिटं, तिघांनी केलं तर आठ. तिघं असाल तर दार उघडण्याच्या वीस मिनिटं आधी सुरुवात करा, म्हणजे न पेटणाऱ्या आणि वाकड्या वाती दुरुस्त करायला वेळ मिळतो. दारापासून लांबच्या टेबलांपासून सुरू करून दाराकडे या, म्हणजे पेटत्या टेबलांमधून परत जावं लागत नाही.

आदल्या दिवशी एक काम उरकून ठेवा. प्रत्येक वात सरळ करा, सहा मिलिमीटरवर कापा आणि अर्धा मिनिट जाळून विझवा. नव्या वातीवर मेणाचा लेप असतो, ती पेट धरायला वेळ घेते. एकदा जळलेली वात दुसऱ्या वेळी लगेच पेटते. समारंभाच्या संध्याकाळी हा फरक फार मोठा वाटतो.

लांब नळीचा ज्योतीचा लायटर वापरा, माणशी एक आणि वर दोन जादा. सलग पेटवत राहिलं की नळी तापते आणि लायटर दगा देतो. शेगडीचा ठिणगी पाडणारा लायटर इथे उपयोगाचा नाही. खोल ग्लासात काडेपेटी तर नकोच, बोटं भाजतात आणि काडीचा जळका तुकडा मेणात पडतो.

विझवण्याचं नियोजन कोणी करत नाही, ते आधी करा. फुंकर मारली की पातळ मेण उडून टेबलक्लॉथवर आणि कपड्यांवर पडतं, आणि शंभर वातींचा धूर एकदम उठला तर धुराचा अलार्म वाजू शकतो. लांब दांड्याची धातूची टोपी ज्योतीवर दोन-तीन सेकंद धरा, किंवा चिमट्यानं वात मेणात बुडवून लगेच सरळ उभी करा. दुसऱ्या पद्धतीत धूर जवळपास होतच नाही. नंतर मेण गोठेपर्यंत, म्हणजे अर्धा-पाऊण तास, ग्लास हलवू नका. टेबलं आवरणाऱ्या मंडळींना हे आधी सांगून ठेवा. मेणाचे बहुतेक डाग याच घाईत पडतात.

दर आठ टेबलांवर नजर ठेवण्याची जबाबदारी एकेका माणसाकडे द्या. पाहुण्यांनी ग्लास सरकवला, कागदी नॅपकिन टेकवला, मुलं जवळ आली, हे त्यानं बघायचं. पेटलेल्या मेणावर पाणी कधीही ओतायचं नाही. पाण्याची क्षणात वाफ होते आणि जळतं मेण चौफेर उडतं. ग्लासावर धातूचं झाकण किंवा ताटली ठेवून हवा तोडायची. टेबलक्लॉथनं पेट घेतला तर अग्निशामक सिलिंडर वापरायचा, तो कुठे आहे हे या माणसांना ठाऊक हवं.

प्रश्न: ग्लासाला लेस किंवा सॅटिनची रिबन बांधावी, भोवती फुलं आणि खाली आरसा ठेवावा असं ठरलंय. चालेल ना?

आरसा उत्तम. तीसेक सेंटिमीटरचा, कडा घासलेला आरसा ठेवला की पाच ज्योतींच्या दहा दिसतात. ग्लास मात्र जाड तळाचे हवेत.

लेस, रिबन आणि कागद नको. ज्योतीच्या पातळीला काच हात लावू नये इतकी तापते, ग्लू गनचा गोंद त्या उष्णतेनं मऊ होतो, रिबन सुटते आणि तिचं टोक कडेवर येतं. सुकी फुलं, थर्माकोल, चमकी ग्लासाच्या आत तर मुळीच टाकू नका. ताजी फुलं वेगळ्या बुटक्या ग्लासात पाण्यात ठेवा आणि ज्योतीपासून तीस सेंटिमीटर दूर. मध्ये उंच फुलरचना असेल तर तिच्या खाली मेणबत्ती ठेवायची नाही. गरम हवा सरळ वर जाते, वर लोंबणारी पानं तासाभरात सुकतात आणि मग पेट घेतात.

रंग हवा असेल तर तो काचेत आणा. अंबर, गुलाबी, फिकट सोनेरी काच मेणबत्तीला शोभते. निळी काच निवडताना विचार करा. मेणबत्तीच्या प्रकाशात निळा अंश मुळातच फार कमी असतो, त्यामुळे निळ्या काचेतून फारसं काही बाहेर येत नाही आणि ताटातलं अन्नही मलूल दिसतं. दुधी काच आमची आवडती. ज्योत दिसत नाही, पण सगळा ग्लास उजळतो आणि थोडी काजळी झाकली जाते. जेवणाच्या टेबलावर सुगंधी मेणबत्त्या नकोत. सुगंध हवाच असेल तर प्रवेशद्वाराशी दोन-तीन लावा.

प्रश्न: समारंभ मोकळ्या लॉनवर आहे. वारा लागणार. काय करावं?

व्होटिव्ह तिच्या ग्लासासकट मोठ्या काचेच्या नळकांड्यात ठेवा. नळकांडं 20 ते 25 सेंटिमीटर उंच, बारा-पंधरा सेंटिमीटर रुंद. तळाशी दोन-तीन सेंटिमीटर कोरडी वाळू घाला, त्यानं वजन येतं आणि ग्लास सरकत नाही. ओली वाळू वापरली तर वाफ धरून काच धुरकट होते. अरुंद नळकांडं घेऊ नका. ताजी हवा वरूनच आत येते आणि गरम हवाही तिथूनच बाहेर पडते. जागा कमी पडली की दोन्ही अडतात, ज्योत धडधडते आणि विझते.

दुपारच्या उन्हात मेणबत्त्या आधीच मांडून ठेवू नका. व्होटिव्हचं मेण 55 अंशांच्या आसपास वितळतं, पण त्याच्या खूप आधी मऊ पडतं आणि काच ऊन आत कोंडते. रंगीत मेणबत्त्या उन्हात फिकट पडतात. सगळं सावलीत आडवं ठेवा आणि सूर्य कलल्यावर मांडा. वारा सतत असेल, टेबलक्लॉथ फडफडत असतील, तर ज्योतीचा नाद सोडा आणि पुढचं उत्तर वाचा.

प्रश्न: आमच्या हॉलमध्ये उघड्या ज्योतीला परवानगी नाही. एलईडी मेणबत्त्या बऱ्या दिसतात का?

निवड नीट केली तर दिसतात. खोक्यावरचा रंगाचा आकडा वाचा. ‘वॉर्म व्हाइट’ म्हणून येणाऱ्या बऱ्याच एलईडी 2,700 ते 3,000 केल्विनच्या असतात आणि ज्योतीपेक्षा स्पष्ट पांढऱ्या दिसतात. 1,800 ते 2,200 च्या शोधा. दुधी किंवा खरखरीत काचेत ठेवल्या की प्लास्टिकची वात दिसत नाही आणि लुकलुकही खरी वाटते. साध्या काचेत मात्र त्या लगेच ओळखू येतात. खऱ्या आणि एलईडी एका टेबलावर मिसळू नका. फरक डोळ्यात भरतो, आणि प्लास्टिक ज्योतीजवळ वितळतं.

यातल्या अनेकांत बटणासारखा चपटा सेल असतो. लहान मुलानं तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही गंभीर भाजतं. सेलचं झाकण स्क्रूनं बंद होणारंच मॉडेल घ्या, टेबलांवर ठेवताना आणि उचलताना मोजा, आणि सेल गिळल्याची शंका आली तरी वाट न पाहता थेट रुग्णालयात न्या.

टायमरवाल्या एलईडी बहुधा सहा तास चालून अठरा तास बंद राहतात. सजावटवाल्यांनी दुपारी तीनला चालू केल्या तर रात्री नऊला विझतील. टायमर साडेपाचच्या आधी लावू नका.

प्रश्न: टेबलक्लॉथवर सांडलेलं मेण आणि ग्लासात चिकटलेलं मेण कसं काढावं?

कपड्यावरचं मेण ओलं असताना पुसू नका, आत मुरतं. गोठू द्या, हवं तर बर्फाचा खडा पिशवीत घालून वर ठेवा, मग चमच्याच्या कडेनं खरवडा. उरलेल्या डागाच्या खाली-वर टीपकागद ठेवून सगळ्यात कमी तापमानाची इस्त्री फिरवा आणि कागदावर डाग उमटला की कागद बदला. रंगीत मेणाचा रंग मागे राहतो, म्हणून पांढऱ्या टेबलक्लॉथवर पांढऱ्या किंवा मोतिया मेणबत्त्याच लावाव्यात.

ग्लास तास-दोन तास फ्रीझरमध्ये ठेवा. मेण आकसतं आणि तळाशी बोथट सुरी लावली की चकती सुटून येते. बाहेर काढलेला गार ग्लास लगेच गरम पाण्यात टाकू नका, तडकेल. तो नेहमीच्या तापमानाला आला की कोमट साबणाच्या पाण्यानं धुवा. वितळलेलं मेण सिंकमध्ये ओतू नका. पुढे नळीत जाऊन गोठतं आणि पाणी तुंबतं. कागदात गोळा करून कचऱ्यात टाका.